ज्येष्ठांना पावडरीआधी बी-१२ची तपासणी आणि ताटात पुरेसा चोथा हवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

'पोट म्हणजे दुसरा मेंदू' हे वाक्य आरोग्य पुरवण्यांतून आणि जाहिरातींतून सतत समोर येते. त्याच्या शेजारी प्रीबायोटिक (आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंचे खाद्य असलेला चोथा) पावडर, गमी, मल्टिव्हिटॅमिनचे डबे दिसतात. वाचणारी व्यक्ती बऱ्याचदा साठी ओलांडलेली असते. पोट साफ होत नाही, नावे आठवत नाहीत, कशात मन लागत नाही, या तिन्ही तक्रारींवर एकच डबा चालेल असे तिला वाटू लागते. आम्ही ज्येष्ठांच्या आहाराचे आणि आजारांचे काम करतो. आमचे म्हणणे एवढेच की चोथा (फायबर) आणि जीवनसत्त्वे यांची कामे वेगळी आहेत. शरीरात काय कमी आहे ते आधी मोजावे आणि मगच भरावे. महाराष्ट्रातल्या ज्येष्ठांत फार वेळा कमी आढळणाऱ्या दोन गोष्टी म्हणजे बी-१२ जीवनसत्त्व आणि साधा रोजचा चोथा. त्या कमी असताना महागड्या पावडरीवर पैसे घालवणे चुकीचे आहे.

आधी पोटात काय घडते ते पाहू. धान्य, डाळी, कांदा, फळे यांतला जो भाग लहान आतड्यात पचत नाही, तो मोठ्या आतड्यात पोहोचतो आणि तिथले जिवाणू तो आंबवतात. त्यातून अ‍ॅसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट ही लहान साखळीची आम्ले तयार होतात. ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशींचे मुख्य इंधन आहे. अस्तर धड राहिले तर जिवाणूंचे अंश रक्तात कमी शिरतात आणि शरीरातला मंद दाह आटोक्यात राहतो. वय वाढले की दात जातात, कवळी टोचते, भूक मंदावते, ताटातले पदार्थ मोजके होतात, आतड्याची हालचाल संथ होते आणि औषधे वाढतात. या सगळ्याचा परिणाम जिवाणूंवर होतो. आयर्लंडमधल्या कॉर्क इथे १७८ वृद्धांचा अभ्यास झाला आणि तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वतःच्या घरी राहणाऱ्यांच्या तुलनेत कायम शुश्रूषागृहात राहणाऱ्यांच्या आतड्यातले जिवाणूंचे वैविध्य कमी होते. त्याचा संबंध एकसुरी आहाराशी आणि वाढलेल्या अशक्तपणाशी दिसला. २०२० मध्ये युरोपातल्या पाच देशांतल्या ६१२ वृद्धांचे निष्कर्ष आले. वर्षभर भाज्या, कडधान्ये, फळे, ऑलिव्ह तेल, मासे असा आहार ज्यांनी नेटाने पाळला, त्यांच्यातले उपयोगी जिवाणू वाढले, आणि ही वाढ कमी अशक्तपणाशी व बऱ्या स्मरणशक्तीशी जोडलेली आढळली. या दोन्ही अभ्यासांत फरक दिसला तो रोजच्या ताटातून.

सेरोटोनिन या मनःस्थितीशी जोडल्या जाणाऱ्या रसायनाचा दाखला फार सैलपणे दिला जातो, म्हणून त्याबद्दल इथेच लिहितो. शरीरातले सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात तयार होते हे खरे आहे. पण ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. मेंदू आपले सेरोटोनिन स्वतः तयार करतो. पोटाचा मनावर परिणाम होतो तो पोट आणि मेंदू यांना जोडणारा व्हेगस मज्जातंतू, दाह, आंबवणातून निघणारी आम्ले आणि सेरोटोनिन ज्यापासून बनते त्या ट्रिप्टोफॅनचा वापर अशा आडवाटांनी. यातला बराच भाग अजून प्राण्यांवरच्या प्रयोगांतूनच कळलेला आहे. 'आतडे सुधारा, नैराश्य घालवा' असे छापण्याइतका पुरावा त्यातून मिळत नाही.

माणसांवरचा पुरावा किती आहे? लंडनच्या किंग्ज कॉलेजने जुळ्या भावंडांवर केलेली चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिच्याच आधाराने अनेक जाहिराती चालतात. साठीपुढच्या जुळ्यांच्या ३६ जोड्या म्हणजे ७२ माणसे तिच्यात होती. जोडीतल्या एकाला रोज साडेसात ग्रॅम प्रीबायोटिक पावडर मिळाली, त्यात इन्युलिन आणि फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड जवळपास निम्मे-निम्मे होते. दुसऱ्याला तशीच दिसणारी निष्क्रिय पावडर मिळाली. दोघांनाही स्नायूंचा व्यायाम आणि प्रथिनांची पूड दिली होती. काळ होता १२ आठवडे. मुख्य प्रश्न स्नायूंच्या ताकदीचा होता आणि खुर्चीवरून उठण्याच्या वेगात काहीच फरक पडला नाही. आकलन आणि स्मरणाच्या चाचण्यांत मात्र प्रीबायोटिक घेणाऱ्यांच्या चुका कमी झाल्या आणि त्यांच्या आतड्यात बायफिडोबॅक्टेरियम हे उपयोगी जिवाणू वाढले. हा निष्कर्ष आशादायक आहे आणि तो मोठ्या चाचणीत पुन्हा तपासला जायला हवा. पण तो ७२ जणांचा, तीन महिन्यांचा आणि स्मरणाबद्दलचा आहे, उदासीबद्दलचा नाही. नैराश्य आणि चिंतेवरच्या ३४ नियंत्रित चाचण्या २०१९ मध्ये एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा प्रीबायोटिक आणि निष्क्रिय पावडर यांत फरक सापडला नव्हता.

आता चोथ्याचे प्रकार. सगळा चोथा प्रीबायोटिक नसतो आणि प्रत्येक तक्रारीला प्रीबायोटिक लागत नाही. इसबगोलाचा भुसा पाणी धरून ठेवतो, मळ मऊ आणि भरीव करतो, पण फारसा आंबत नाही. म्हणून बद्धकोष्ठावर तो चांगला आणि त्याने गॅसही फारसा होत नाही. कांदा, लसूण आणि गहू यांत इन्युलिन जातीचे फ्रुक्टॅन हे प्रीबायोटिक चोथे असतात. १०० ग्रॅम लसणात ते साधारण ९ ते १६ ग्रॅम, १०० ग्रॅम कांद्यात एक ते साडेसात ग्रॅम, तर केळ्यात एक ग्रॅमही भरत नाही. केळ्याला 'प्रीबायोटिक फळ' म्हणून डोक्यावर घेणाऱ्यांनी हा आकडा पाहावा. (कच्च्या केळ्याची गोष्ट वेगळी, त्यात न पचणारा स्टार्च भरपूर असतो.) मूग, मटकी, चवळी, हरभरा यांत रॅफिनोज, स्टॅकिओज ही साखरेची साखळी असते. ती जिवाणूंना आवडते आणि गॅसही तिनेच होतो. कडधान्य भिजवून पाणी फेकले आणि मोड आणले की ती बरीच कमी होते. पोट नाजूक असेल तर हे फायद्याचे, मात्र जिवाणूंच्या वाट्याला तेवढे कमी येते. सातू आणि ओट्समध्ये बीटा-ग्लुकन हा आंबणारा चोथा असतो. शिजवून थंड केलेल्या भातात न पचणारा स्टार्च थोडा वाढतो, पण त्यासाठी भात रात्रभर ओट्यावर ठेवू नये. भातातल्या बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत आणि उष्ण हवेत त्यांपासून विष तयार होते. भात पसरट ताटात काढून तासाभरात थंड करून फ्रीजमध्ये ठेवावा, दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत एकदाच गरम करून फोडणीला टाकावा आणि उरला तर टाकून द्यावा.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे दर १००० किलोकॅलरींमागे सुमारे १५ ग्रॅम चोथा पोटात जायला हवा. दिवसाला १६०० किलोकॅलरी घेणाऱ्या सत्तरीच्या बाईंना म्हणजे २४-२५ ग्रॅम लागतात. याच संस्थेच्या २०१७ च्या अन्नघटक तक्त्यांतले आकडे घेऊन हिशेब करू. एकटे राहणारे किंवा दात नसलेले ज्येष्ठ पुष्कळदा मऊ भात, तुरीचे वरण, बटाट्याची भाजी, चहा आणि बिस्किटे यांवर दिवस काढतात. १०० ग्रॅम पांढऱ्या तांदळात जेमतेम २.८ ग्रॅम चोथा, ३० ग्रॅम तूरडाळीत २.७ ग्रॅम, बटाटा धरून दोनेक ग्रॅम आणखी. बिस्किटे धरूनही बेरीज दहाच्या आतच राहते. आता दुसरे ताट घ्या. साठ-साठ ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या दोन भाकऱ्यांतून १२ ग्रॅम, ३० ग्रॅम अख्ख्या मुगाच्या उसळीतून ५ ग्रॅम, तेवढ्याच तूरडाळीतून २.७, वाटीभर शिजलेल्या पालेभाजीतून अडीच ते पाच (पालक असेल तर कमी, मेथी असेल तर जास्त), अर्ध्या पेरूतून ४ ते ५ आणि एका लहान कांद्यातून एक ग्रॅम. हे ताट २७ ग्रॅमच्या पुढे जाते, आणि त्यातली एकही वस्तू मंडईबाहेरची नाही.

दात नसतील तर भाकरी वरणात किंवा दुधात कुस्करून भिजवावी, ज्वारी-नाचणीची आंबील करावी, मूग मऊ शिजवून घोटावेत, पेरूच्या बिया काढून गर द्यावा, गाजर-बीट वाफवून किसावे, अंजीर रात्री भिजवून सकाळी त्याच पाण्यासकट कुस्करावे. मिक्सरमधून काढल्याने चोथा नाहीसा होत नाही, गाळण्याने होतो. फळाचा रस गाळून देणे आणि भाजीचे सूप गाळून देणे या दोन्ही सवयी सोडाव्यात.

इथपर्यंत वाचून कोणी उद्यापासूनच २७ ग्रॅमचे ताट वाढले तर चौथ्या दिवशी पोट फुगून माणूस हैराण होईल आणि पुन्हा मऊ भातावर येईल. आतड्यातल्या जिवाणूंची घडी बदलायला वेळ लागतो. दर आठवड्याला साधारण ५ ग्रॅम वाढवावे, म्हणजे आठवड्याला एकच बदल. पहिल्या आठवड्यात एक वेळचा भात काढून भाकरी, दुसऱ्यात एक फळ, तिसऱ्यात वाटीभर मुगाची उसळ. हरभरा, राजमा, छोले शेवटी. सोबत पाणी हवे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे डॉक्टरांनी पाण्यावर मर्यादा घातली नसेल तर ताक, आमटी, चहा धरून दिवसाला दीड ते दोन लिटर. वयानुसार तहान कमी लागते, म्हणून 'लागेल तसे प्यावे' हा नियम सत्तरीनंतर उपयोगाचा नाही. तांब्या भरून समोर ठेवावा आणि संध्याकाळी किती उरले ते पाहावे.

सर्वांत मोठी चूक होते ती मळाचे खडे आधीच अडकलेले असताना चोथा वाढवण्यात. चार-पाच दिवस शौचाला झालेली नाही, पोट दुखते, थोडे पातळ गळते पण मोकळे वाटत नाही, अशी लक्षणे असतील तर खड्याच्या कडेने पातळ मळ झिरपत असण्याची शक्यता असते. घरचे त्याला जुलाब समजून जुलाब थांबवायची गोळी देतात आणि प्रकरण चिघळते. अशा वेळी आधी डॉक्टरांकडून कोठा मोकळा करून घ्यावा. वृद्धांना मळ अडकल्याने आणि शरीर कोरडे पडल्याने अचानक भ्रम होऊ शकतो. कालपर्यंत नीट बोलणारी आजी आज माणसे ओळखेनाशी झाली तर ते डिमेन्शिया समजून स्वस्थ बसू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा, कारण लघवीचा संसर्ग, सोडियम कमी होणे, पोट तुंबणे अशी बरी होणारी कारणे पुष्कळदा सापडतात. पोट आणि मन यांचा म्हातारपणातला सर्वांत थेट संबंध इथे दिसतो आणि लेखांमध्ये त्याचा उल्लेखही नसतो.

औषधांची पिशवीही एकदा टेबलावर ओतून पाहावी. ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामके, लोह, कॅल्शियम कार्बोनेट, व्हेरापामिल, अ‍ॅमिट्रिप्टिलिन, लघवी वारंवार होऊ नये म्हणून दिलेले ऑक्सिब्युटिनिन, ही सगळी कोठा घट्ट करतात. शेवटची दोन्ही वृद्धांच्या स्मरणावरही ताण आणतात. ट्रॅमाडॉल किंवा मॉर्फिनने झालेल्या बद्धकोष्ठावर भुसा वाढवून उपयोग होत नाही, पोट आणखी तुंबते. तिथे रेचकच लागते. गोळ्या मनाने बंद करू नयेत, यादी घेऊन डॉक्टरांना 'यांतली कुठली कमी करता येईल?' असे विचारावे. दवाखान्यातून लॅक्टुलोजचे सरबत मिळाले असेल तर तेही मोठ्या आतड्यात आंबते आणि बायफिडोबॅक्टेरियम वाढवते. ते घेत असताना वर आणखी प्रीबायोटिक पावडर घेतली की गॅस दुप्पट.

इसबगोल घ्यायची पद्धत घरोघरी चुकते. सपाट चहाचा चमचाभर भुशात जेमतेम दोन ग्रॅम असतात. तेवढ्यापासून सुरुवात करून हळूहळू दिवसाला पाच ते दहा ग्रॅमपर्यंत जावे. २५० मिलिलिटर पाण्यात ढवळून फुगायच्या आत लगेच प्यावे आणि वर आणखी एक पेला पाणी घ्यावे. दह्यात कालवून खाण्याची रीत पातळ जुलाबांसाठी आहे, बद्धकोष्ठासाठी ती उलटी पडते. कोरडा भुसा तोंडात टाकू नये, झोपताना आडवे होऊन घेऊ नये. गिळायला त्रास असेल, पक्षाघात किंवा पार्किन्सन असेल तर घेऊच नये, कारण तो अन्ननलिकेत फुगून अडकतो. इतर गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचे अंतर ठेवावे. थायरॉइडची गोळी पहाटे रिकाम्या पोटी घेत असाल तर चोथ्याची पावडर तिच्याजवळ आणू नये. कॅल्शियम, लोह आणि खनिजे असलेले मल्टिव्हिटॅमिन तिच्यापासून चार तास दूर.

आता जीवनसत्त्वे. जीवनसत्त्वाचा अभाव पोट आणि मन दोन्ही एकदम बिघडवतो, याचा पुरावा दख्खनच्याच पठारावरचा आहे. नायसिनच्या (बी-३ जीवनसत्त्वाच्या) अभावाने होणाऱ्या पेलाग्रात त्वचा काळवंडते, जुलाब होतात आणि बुद्धी भ्रमते. जवळजवळ केवळ ज्वारीवर जगणाऱ्या गरीब माणसांत हा रोग का दिसतो, याचा शोध हैदराबादेत डॉ. सी. गोपालन आणि सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास घेतला. म्हणून ज्वारीची शिफारस करताना सोबत डाळ, दूध, शेंगदाणे हवेतच हेही सांगायला हवे. नुसती भाकरी-चटणी पुरत नाही.

आजच्या महाराष्ट्रात मात्र मुख्य प्रश्न बी-१२ चा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी ४४१ निरोगी मध्यमवयीन पुरुषांचे रक्त तपासले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ६७ टक्के जणांचे बी-१२ कमी होते आणि ५८ टक्के जणांचे होमोसिस्टीन (बी-१२ कमी पडले की रक्तात साचणारे द्रव्य) वाढलेले होते. यांतली अनेक माणसे आता साठी-सत्तरीत आहेत, आणि वयाबरोबर हा अभाव वाढतो. अन्नातले बी-१२ प्रथिनाला चिकटलेले असते आणि ते सुटायला जठरातले आम्ल लागते. वृद्धांपैकी अनेकांच्या जठराचे अस्तर झिजून आम्ल कमी झालेले असते, किंवा पॅन्टोप्राझोलसारखी आम्ल दाबणारी गोळी वर्षानुवर्षे चालू असते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत शोषण आणखी घटते. शाकाहारी, मेटफॉर्मिन आणि पॅन्टोप्राझोल ही तिन्ही कारणे एकाच माणसात सर्रास असतात.

इथे एक गैरसमज पुसायला हवा. आतड्यातले जिवाणू बी-१२ तयार करतात, म्हणून प्रीबायोटिक खाल्ले की बी-१२ वाढेल, असे लिहिले जाते. जिवाणू ते तयार करतात मोठ्या आतड्यात आणि बी-१२ शोषले जाते लहान आतड्याच्या शेवटच्या भागात, म्हणजे वाटेत आधी. गाव मागे टाकून पुढच्या थांब्यावर उतरावे तसे ते वाया जाते. मोड आलेले मूग, शेवगा, आंबील, इडली यांतून बी-१२ मिळत नाही. स्पिरुलिनातले बी-१२ सदृश द्रव्य शरीराला वापरता येत नाही, पण रक्ताच्या आणि अन्नाच्या काही चाचण्यांना ते फसवते. शाकाहारी माणसाला खरा आधार दूध-दह्याचा. अर्धा लिटर दुधात साधारण दोन मायक्रोग्रॅम असतात, म्हणजे रोजची गरज जेमतेम भागते. फार उकळले की त्यातलेही काही जाते. चहातल्या दोन चमचे दुधाने काहीच होत नाही. मांसाहारी माणसाला मासे, आणि कोकण-गोव्यात तिसऱ्या हा उत्तम स्रोत आहे.

लक्षणे सावकाश येतात, कारण यकृतातला साठा काही वर्षे पुरतो. पायांना मुंग्या, अंधारात तोल जाणे, जीभ लालसर गुळगुळीत होऊन झोंबणे, चिडचिड, उदासी, विसराळूपणा, कधी संशयीपणा. हिमोग्लोबिन चांगले असूनही मज्जातंतूंना इजा झालेली असू शकते. म्हणून 'रक्त भरपूर आहे, बी-१२ कशाला तपासायचे' हा युक्तिवाद चुकीचा आहे. रक्तातले प्रमाण मिलिलिटरमागे २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर अभाव धरतात. २०० ते ३०० मध्ये असेल तर होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलोनिक आम्ल तपासून ठरवावे. मूत्रपिंड अधू असेल तर ही दोन्ही तशीही वाढतात, हे लक्षात घ्यावे. तपासणी गोळी किंवा इंजेक्शन सुरू करण्यापूर्वी करावी. इंजेक्शननंतर आकडा हजाराच्या वर जातो आणि त्यातून आधीची स्थिती कळत नाही.

उपचार स्वस्त आहे. मज्जातंतूंची लक्षणे असतील तर डॉक्टर आधी इंजेक्शने देतात. तशी लक्षणे नसतील तर रोज १००० मायक्रोग्रॅमची गोळीही अनेकांना पुरते, कारण गोळीतले बी-१२ मोकळे असते, त्याला जठरातल्या आम्लाची गरज नसते आणि मोठ्या मात्रेपैकी सुमारे एक टक्का थेट झिरपतो. म्हणजे १० मायक्रोग्रॅम, रोजच्या गरजेच्या चौपट. रक्त काही आठवड्यांत सुधारते, मुंग्या आणि विस्मरण सुधारायला महिने लागतात आणि फार जुनी इजा पूर्ण भरून येत नाही. पाच इंजेक्शने घेऊन बरे वाटले की थांबणे ही नेहमीची चूक. कारण कायमचे असेल तर पुरवठाही कायमचा हवा.

बी-१२ न तपासता एकट्या फॉलिक आम्लाची ५ मिलिग्रॅमची गोळी महिनोन्महिने घेणे धोक्याचे आहे. रक्तक्षय भरून निघतो, सगळे ठीक वाटते आणि आत मज्जारज्जूची झीज चालूच राहते. फोलेटसाठी (फॉलिक आम्लाच्या अन्नातल्या रूपासाठी) पालेभाजी आणि डाळ पुरे, फक्त भाजी उकळून पाणी फेकू नये. 'नसांच्या गोळ्यां'च्या वेष्टनावर पिरिडॉक्सिन म्हणजे बी-६ किती आहे तेही वाचावे. ते दीर्घकाळ जास्त गेले तर त्यानेच हातापायांना मुंग्या येतात, मग त्या मुंग्यांसाठी आणखी गोळ्या घेतल्या जातात. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये प्रौढांसाठी बी-६ ची वरची मर्यादा रोज १२ मिलिग्रॅमवर आणली आहे. ऑक्सफर्डच्या चाचणीत (२०१०) फॉलिक आम्ल, बी-१२ आणि बी-६ दोन वर्षे दिल्यावर सौम्य विस्मरण असलेल्या वृद्धांच्या मेंदूचे आकसणे मंदावले, आणि सर्वांत जास्त फायदा झाला तो ज्यांचे होमोसिस्टीन वाढलेले होते त्यांना. ज्याच्याकडे कमी होते त्यालाच भरल्याचा उपयोग झाला.

ड जीवनसत्त्व हाडांसाठी आणि स्नायूंसाठी हवे, पण उदासीवर औषध म्हणून ते टिकले नाही. अमेरिकेत ५० वर्षांपुढच्या १८,३५३ जणांवर पाच वर्षांहून अधिक चाललेल्या चाचणीत रोज २००० युनिट देऊनही नैराश्य टळले नाही. ते निष्कर्ष २०२० मध्ये आले. आपल्याकडचा धोका वेगळाच आहे. ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक, साधारण आठ आठवडे, अशी लिहून दिलेली असते आणि घरी ती रोज एक अशी घेतली जाते, किंवा वर्षानुवर्षे चालू राहते. मग रक्तातले कॅल्शियम चढते आणि बद्धकोष्ठ, मळमळ, खूप तहान, सारखी लघवी, सुस्ती, गोंधळलेपण सुरू होते. म्हणजे ज्या तक्रारींसाठी पुडी सुरू केली त्याच वाढतात. ऑस्ट्रेलियातल्या सत्तरीपुढच्या स्त्रियांना वर्षातून एकदाच पाच लाख युनिट देऊन पाहिले, तर पडण्याचे आणि हाड मोडण्याचे प्रमाण वाढले. पुडीवर घेण्याचा वार पेनने लिहावा आणि शेवटची तारीखही.

मल्टिव्हिटॅमिनबद्दल अलीकडे बरी बातमी आहे. अमेरिकेतल्या कॉसमॉस चाचणीच्या तीन उपअभ्यासांत मिळून साठीपुढचे पाच हजारांहून अधिक लोक होते. साधी रोजची मल्टिव्हिटॅमिन गोळी घेणाऱ्यांचे आकलन निष्क्रिय गोळीवाल्यांपेक्षा साधारण दोन वर्षांनी 'तरुण' राहिले, असे २०२४ मध्ये मांडले गेले. परिणाम लहान आहे, पण खरा दिसतो. त्या गोळीत रोजच्या गरजेच्या आसपासच्या मात्रा होत्या, दहापट-वीसपट 'फोर्ट' मात्रा नव्हत्या. आणि बी-१२ चा मोठा अभाव असलेल्या माणसाला अशी गोळी पुरणार नाही.

काही जणांनी मात्र स्वतःहून काहीच बदलू नये. वॉरफरिन किंवा असेनोकुमारॉल घेणाऱ्यांनी पालेभाजी एकदम वाढवली किंवा के जीवनसत्त्व असलेली गोळी सुरू केली तर रक्त पातळ ठेवण्याचा हिशेब बिघडतो. पालेभाजी बंद करायची नाही, रोज सारख्या प्रमाणात खायची आणि बदल करण्यापूर्वी आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) तपासायचा. मूत्रपिंड निकामी होत असेल तर डाळी, केळी, पालेभाज्या यांतले पोटॅशियम पाहावे लागते. आणि साठीनंतर शौचाची सवय अचानक बदलली, रक्त पडले, वजन घटले किंवा लोहाची कमतरता निघाली, तर चोथा वाढवत महिने काढू नयेत. आतड्याचा कर्करोग आधी वगळावा.

एवढे सगळे करूनही कोणाला पावडर घ्यायची असेल तर लेबल वाचावे. प्रीबायोटिक ग्रॅममध्ये मोजतात, प्रोबायोटिक जिवंत जिवाणूंच्या संख्येत, म्हणजे सीएफयूमध्ये. डब्यावर अब्जावधी सीएफयू लिहिले असतील आणि इन्युलिन किंवा एफओएसचे (फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइडचे) ग्रॅम लिहिलेच नसतील, तर ते प्रीबायोटिक म्हणून विकत घेऊ नये. एका गमीत साखर किती आणि चोथा किती ते ताडून पाहावे. सुरुवात दोन-अडीच ग्रॅमने, आठवड्याला तेवढेच वाढवत साडेसातपर्यंत. दहाच्या पुढे बहुतेकांना गॅस होतो. कांदा-लसणानेच ज्यांचे पोट दुखते त्यांना इन्युलिन सोसणार नाही. त्यांनी इसबगोल आणि मुगावर राहावे. तीन महिन्यांत काहीच फरक जाणवला नाही तर बंद करावे.

आणि मनाचे दुखणे मनाचे म्हणूनही तपासावे. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, झोप उडणे, जेवणावरची वासना जाणे, 'आता जगून काय करायचे' असे बोलणे, हे म्हातारपणाचे नेहमीचे लक्षण नाही. त्यावर औषधे आणि समुपदेशन आहे. भूक मेली म्हणून आहार घटतो आणि आहार घटला म्हणून पोट बिघडते, अशीही उलटी साखळी असते. तिथे ताट सुधारण्याआधी नैराश्यावर उपचार लागतो. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आणि ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७ वर मोफत मिळते.

आपल्या वृत्तपत्राला दोन विनंत्या. पोषणावरचा अभ्यास छापताना त्यात माणसे किती होती, कोणत्या वयाची, रोज किती ग्रॅम, किती दिवस आणि नेमके काय सुधारले, ही माहिती बातमीतच द्यावी. आणि राज्याच्या आरोग्य विभागाकडे आपण हा प्रश्न लावून धरावा की सरकारी आणि महापालिका दवाखान्यांत मेटफॉर्मिन किंवा आम्ल दाबणाऱ्या गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्या साठीपुढच्या प्रत्येकाची बी-१२ तपासणी वर्षातून एकदा मोफत व्हावी. मधुमेहाच्या तपासणीसाठी ही माणसे दवाखान्यात येतच असतात आणि त्यांचे रक्त घेतलेच जाते. त्याच वेळी बी-१२ साठी एक नळी जास्त भरायची आहे.

आपले,
ज्येष्ठांच्या आहार व आरोग्यावर काम करणारे आहारतज्ज्ञ आणि डॉक्टर,
पुणे